पट्टी न लिहिलेली गाणी

बातमी आली तेव्हा माझ्या हातात ओवेनचा डावा बूट होता. सकाळचे साडेदहा, बाहेर उणे बारा, म्हणजे विनिपेगच्या मानाने चांगलीच हवा, आणि आमच्या डेकेअरच्या बूट घालायच्या अरुंद खोलीत अठरा मुलं स्नो पँट, जॅकेट, टोपी, मिट्स म्हणजे बिनबोटांचे हातमोजे, असा सगळा जामानिमा घेऊन जमिनीवर बसलेली. हा सोहळा रोज वीस-पंचवीस मिनिटं चालतो. एकाची चेन अडकते, एकाला नेमकं सगळं चढवून झाल्यावर वॉशरूमला जायचं असतं, एखादी हरवलेल्या मिटसाठी भोकाड पसरते. डोना, आमची सुपरवायझर, दारात येऊन उभी राहिली. ती नुसती उभी राहणारी बाई नव्हे. खोलीत शिरते तीच हाताला लागेल त्या मुलाची टोपी बांधत. "हिल्डा," ती हळू आवाजात म्हणाली, "लेनार्ट... धिस मॉर्निंग. इन हिज स्लीप." मी मान हलवली. बरेच आठवडे ते हॉस्पिटलमध्ये होते, वय चौऱ्याऐंशी, फुप्फुसं थकलेली. बातमी अनपेक्षित नव्हती. तरीही हातातला बूट कुठल्या पायात घालायचा, हे मला काही क्षण सुचेना. खरं तर ती बुटांचं गाणं सुरू व्हायची वेळ होती. त्या दिवशी ते कुणीच सुरू केलं नाही. माझ्या इथल्या आठ वर्षांत पहिल्यांदा आम्ही गाण्याशिवाय बूट घातले आणि मुकाट बाहेर बर्फात गेलो.

लेनार्ट हे नाव महाराष्ट्रातल्या वाचकांनी ऐकलं असण्याचं काही कारण नाही. कॅनडातही ते फारसं कुणी ऐकलेलं नाही, आणि याला सर्वस्वी जबाबदार लेनार्टच. मूळचे स्वीडनचे. तिथे तरुणपणी मुलांची गाणी रचणारे म्हणून त्यांचं नाव झालं होतं. रेडिओवर गाणी लागायची, शाळांच्या गाण्यांच्या पुस्तकांत छापून यायची. मग एके दिवशी त्यांनी छापणं थांबवलं, ध्वनिमुद्रण थांबवलं, आणि बायकोच्या गावी, म्हणजे इथे विनिपेगला येऊन लोकांचे पियानो सुरात लावायचं काम धरलं. ते निवृत्त होईपर्यंत केलं. गाणी रचणं मात्र सोडलं नाही. आता ती इंग्रजीत असायची, आणि फक्त आमच्या डेकेअरपुरती. दर मंगळवारी आणि गुरुवारी हा सहाफुटी, पांढऱ्या भुवयांचा माणूस बसने यायचा, मुलांच्या वीतभर खुर्चीवर गुडघे कानाला लावून बसायचा आणि विचारायचा, "हूज स्टार्टिंग?" कोण सुरू करतंय?

आमची पहिली भेट मात्र स्वयंपाकघरात झाली. मी वसईची, कॅथलिक, नाव हिल्डा. आमच्या आळीत तीन हिल्डा होत्या, त्यामुळे या नावात कुणाला काही विशेष वाटेल असं मला कधी वाटलं नव्हतं. कॅनडात येऊन चार महिने झाले होते. नवरा, विल्सन, एका गोदामात कामाला लागला होता. मुलगी रिया दुसरीत होती. वसईला मी अकरा वर्षं मराठी शाळेत शिक्षिका होते; इथे डेकेअरमध्ये असिस्टंट, म्हणजे रंगाचे ब्रश धुणं आणि नाकं पुसणं. इंग्रजी बोलायची वेळ आली की मी भांडी विसळायला जायचे. लेनार्टनी नोटीस बोर्डावर 'हिल्डा' हे नाव वाचलं आणि त्यांना वाटलं, चला, कुणीतरी आपल्याकडची आली. ते आनंदाने स्वयंपाकघरात शिरले आणि माझ्या पाठीकडे बघत पाच मिनिटं स्वीडिश बोलत राहिले. मी भांडी विसळत होते. मला वाटलं, हीच ती इथली इंग्रजी, जी मला अजून कळत नाही. मी आपली 'येस, येस' करत राहिले. शेवटी मी वळले. ते माझ्याकडे बघत राहिले, मी त्यांच्याकडे. "तुम्ही स्वीडनच्या नाही," ते म्हणाले. मी म्हटलं, "नो सर. वसई." ते इतके हसले की डोना धावत आली.

इथे सगळे सगळ्यांना नावाने हाक मारतात. पण वडिलांपेक्षा मोठ्या माणसाला नुसतं 'लेनार्ट' म्हणणं मला वर्षभर जमलं नाही. मी 'सर' म्हणायचे, ते भडकायचे. "मी तुला कधी काही शिकवलंय का?" म्हणायचे. शेवटी तडजोड म्हणून घरी आम्ही त्यांना लेनार्टकाका म्हणू लागलो आणि डेकेअरमध्ये मी काहीच न म्हणता खाकरू लागले. रिया बिनदिक्कत 'मिस्टर एल' म्हणायची आणि त्याला त्यांची काडीचीही हरकत नसायची. हा पक्षपात मला शेवटपर्यंत खटकला.

त्यांची गाणी कशावर असायची? परी, चांदोमामा, असलं काही नाही. बूट घालण्यावर. लापशी निवेपर्यंत थांबण्यावर. उणे तीसमध्ये बस येत नाही त्यावर. मिट नेहमी एकच कशी हरवते, दोन्ही का हरवत नाहीत, त्यावर. मुलाच्या दिवसात जिथे जिथे रडू येतं तिथे तिथे एकेक गाणं ठेवून द्यायचं, एवढंच आपलं काम, असं ते म्हणत. बुटांच्या गाण्यात डावा बूट उजव्यावर रुसलेला असतो. प्रत्येक कडव्याला पाय थोडा थोडा आत सरकवायचा. चौथ्या कडव्याला दोघांचा समेट होतो आणि तोवर अठरा मुलांचे छत्तीस बूट चढलेले असतात. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा तोंडात बोट घालायची वेळ आली. अकरा वर्षं वर्गात ओरडून घसा बसवून घेतलेल्या बाईला दुसरं काय वाटणार!

पण खरी गोष्ट त्या "कोण सुरू करतंय?" मध्ये होती. लेनार्ट स्वतः कधीच गाणं सुरू करत नसत. एखादं मूल सुरू करायचं, आणि ते ज्या सुरात सुरू करेल त्या सुरात हे मागोमाग जायचे. चिमणीएवढ्या आवाजाची पोर असली तर ऐंशीच्या घरातला हा माणूस तिच्याबरोबर वर चढायचा, आवाज चिरकला तरी बेहत्तर. ओवेन आमच्याकडे गेल्या वर्षी आला. वय चार, आवाज मात्र एखाद्या म्हाताऱ्या मच्छीमारासारखा, घोगरा आणि खालचा, आणि त्याचा त्यालाच संकोच. लेनार्ट दर वेळी प्रश्न विचारून आधी ओवेनकडे बघायचे. ओवेन आपल्या बुटांकडे बघायचा. ते दहा-पंधरा सेकंद नुसते थांबायचे आणि मग नजर पुढच्या मुलाकडे न्यायचे. "ही इज जस्ट शाय," डोना एकदा म्हणाली. ते म्हणाले, "त्याला घाई नाही. मलाही नाही."

आणि एक नियम होता, तो मोडलेला त्यांना चालत नसे. गाणं लिहून घ्यायचं नाही, रेकॉर्ड करायचं नाही. एकदा एका मुलाच्या वडिलांनी कौतुकाने फोन वर धरला तर लेनार्ट मध्येच थांबले आणि फोन खिशात जाईपर्यंत खिडकीतून बाहेर बघत बसले. लोक त्यांना विक्षिप्त म्हणायचे. मीसुद्धा म्हणायचे, घरी.

नियम मोडला तो मीच, आणि तोही पहिल्याच हिवाळ्यात. मला गाणी लक्षात राहीनात. शब्द परके, चाल परकी. माझे पप्पा वसईच्या आमच्या चर्चमध्ये गायनमंडळाची पेटी वाजवायचे. त्यांनी मला लहानपणी पेटी आणि नोटेशन दोन्ही शिकवलं होतं. येताना त्यांनी त्यांची जुनी पेटी माझ्या गळ्यात मारली. तेवीस किलोच्या बॅगेत पेटी बसवायची म्हणून सुके बोंबील आणि अर्धा मसाला काढून ठेवावा लागला, त्याबद्दल विल्सनने मला अजून माफ केलेलं नाही. ती पेटी आमच्या बेसमेंटमध्ये, वॉशिंग मशीनच्या शेजारी ठेवलेली होती. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी मी खाली जायचे, आठवेल ती चाल पेटीवर शोधायचे आणि वसईहून आणलेल्या दुरेघी वहीत लिहून ठेवायचे. वर सा रे ग म, खाली देवनागरीत इंग्रजी शब्द. रियाने एकदा वाचून पाहिलं आणि म्हणाली, "मॉम, धिस इज सो वीअर्ड." मी म्हटलं, "वीअर्ड तर वीअर्ड. कुणाला सांगू नकोस."

पप्पांना मात्र व्हिडिओ कॉलवर अभिमानाने वही दाखवली. त्यांनी चष्मा लावला, फोन नाकाला लावला आणि पहिलाच प्रश्न टाकला, "वर पट्टी कुठाय?" आमच्याकडे नोटेशनच्या पानावर उजव्या कोपऱ्यात पट्टी लिहायची पद्धत. काळी एक, पांढरी चार, जी असेल ती. म्हणजे सा कुठे धरायचा ते वाजवणाऱ्याला कळतं. नाहीतर खालचे स्वर बरोबर असून गाणं नेमकं कुठून उचलायचं ते कळत नाही. माझ्या वहीतले सगळे कोपरे कोरे होते. मी म्हटलं, "पप्पा, मुलं रोज वेगळ्याच ठिकाणाहून सुरू करतात. काय लिहू?" पप्पा म्हणाले, "पेटीवाल्याची पोरगी ना तू? ही काय लिहायची रीत झाली?" मला फार वाईट वाटलं. नंतर कधीतरी लिहू म्हणून ते राहिलं ते राहिलंच.

दुसऱ्या वर्षी केव्हातरी लेनार्टच्या लक्षात आलं की सगळे गात असताना मी नुसती ओठ हलवते. मुलांना ते कळत नव्हतं, डोनाला कळलं नव्हतं, विल्सनला लग्नाला दहा वर्षं होऊनही कळलं नव्हतं. मुलं खेळायला गेल्यावर त्यांनी मला थांबवलं. आमचं बोलणं इंग्रजीत व्हायचं, माझं मोडकं, त्यांचं सावकाश. इथे मराठीत देते. "तुला कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं. काय सांगितलं, असंही विचारलं नाही. मी उडवाउडवी केली. ते थांबले, ओवेनसाठी पुढे थांबायचे तसेच. मग मी सांगून टाकलं. मी नऊ वर्षांची असताना शाळेत सणाच्या गाण्याची तालीम चालली होती. माझा आवाज मुलींमध्ये सगळ्यांत जाड, खाली जाणारा. एक बाई माझ्याजवळ आल्या आणि प्रेमाने, अगदी पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "हिल्डा, तू फक्त ओठ हलव हं." मी ओठ हलवले. त्यानंतर पेटी शिकले, नोटेशन शिकले, शाळेत मुलांना कविता चालीवर शिकवल्या, पण पेटी वाजवून, गायला मुलंच. पप्पांना मी हे कधी सांगितलं नाही. चर्चमध्ये मी रविवारच्या रविवार ओठ हलवत आले.

लेनार्टनी शेजारची वीतभर खुर्ची ओढून घेतली. मग त्यांनी स्वतःची गोष्ट सांगितली. त्यांचं सगळ्यांत गाजलेलं गाणं शाळांच्या पुस्तकात आल्यावर त्यांना स्वीडनच्या उत्तरेकडच्या एका गावातल्या शाळेने पाहुणे म्हणून बोलावलं. साठ मुलांनी ते गाणं इतकं सुरेख म्हटलं की त्यांचे डोळे भरून आले. आणि मग त्यांना तिसऱ्या रांगेतला एक मुलगा दिसला. त्याचे ओठ हलत होते, गळा हलत नव्हता. नंतर त्यांनी विचारलं तेव्हा शिक्षिका अभिमानाने म्हणाली, "त्याला एवढं वर जाता येत नाही. पुस्तकात दिलेली सुरांची उंची आपण बदलू शकत नाही ना! म्हणून त्याला ओठ हलवायला शिकवलं, तुमच्या गाण्याचा विचका नको." लेनार्ट मला म्हणाले, "हिल्डा, ती उंची मी का लिहिली होती माहितेय? माझ्या खोलीतल्या पियानोचे खालचे सूर बिघडले होते, म्हणून मी ते गाणं वर बसवलं. बस्स, एवढंच कारण." एवढ्या कारणासाठी एका मुलाचं तोंड बंद झालं. आणि छापलेलं पुस्तक तर सगळ्या देशात गेलेलं. अशी किती तोंडं असतील, ते मोजायची त्यांची हिंमत झाली नाही. त्यांनी पुन्हा कधी गाणं कागदावर उतरवलं नाही. "नंतर जन्मभर लोकांचे पियानो दुरुस्त केले," ते म्हणाले आणि हसले, पण ते हसू काही खरं नव्हतं.

त्या दिवशी घरी येऊन मी वही पेटीखाली दडवली. या माणसाच्या जिव्हारी लागलेली गोष्ट नेमकी तीच मी दर आठवड्याला करत होते. फाडून टाकावी असं दोनदा मनात आलं. फाडली नाही, कारण मी मास्तरीण; लिहिलेलं फाडणं माझ्या हातून होत नाही. लिहिणंही थांबलं नाही, हे कबूल करते. फक्त आता प्रत्येक ओळीला अपराधी वाटायचं.

मग तीन वर्षांपूर्वी लेनार्ट विसरायला लागले. आधी शब्द, मग चाली. मिटच्या गाण्यात मध्येच थांबले, मुलांनी पुढची ओळ पुरवली, ते हसले, आम्हीही हसलो. पण लापशीचं गाणं गेलं ते गेलंच. ज्या मुलांना ते येत होतं ती शाळेत निघून गेली होती, नव्यांना शिकवायच्या आत ते यांच्या डोक्यातून पुसलं गेलं, आणि ते माझ्या येण्याआधीचं, क्वचित म्हटलं जाणारं, त्यामुळे वहीतही नव्हतं. "गेलं तर जाऊ दे," ते म्हणाले. "गाणी जातातच." असं म्हणताना ते खुर्चीतून उठू बघत होते आणि त्यांना उठता येत नव्हतं. मी हात दिला. ती पकड अजून मनगटावर आहे. मनात आलं, हा माणूस जाईल आणि याच्याबरोबर पन्नासेक गाणी जातील, आणि माझ्याकडे त्यातली एकतीस आहेत, आणि मी त्याला वही दाखवायला घाबरतेय.

शनिवारी मी वही आणि पेटी घेऊन त्यांच्या घरी गेले. त्यांच्या घरात कायम वेलचीचा वास असायचा. ते पावात वेलची घालतात हे कळल्यापासून मी स्वीडन या देशाला आपलं मानते. मी वही त्यांच्यासमोर ठेवली. त्यांना अक्षरं कळेनात, पण ओळींखाली ओळी बघून काय आहे ते कळलं. चेहरा उतरला. "तूसुद्धा?" एवढंच म्हणाले. मला रडू फुटलं. रडत रडतच मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगायला लागले की हा सा, हा रे, अमुक तमुक, आणि माझ्याकडून एक मोठी चूक झालीय, वर पट्टी लिहायची राहिलीय, पप्पाही रागावले, त्यामुळे तसं बघितलं तर हे अर्धवटच आहे. ते म्हणाले, "थांब. पट्टी म्हणजे?" मी सांगितलं. ते पियानोजवळ गेले. "मग हा तुझा सा यातला कुठला?" मी म्हटलं, "कुठलाही. जिथून मूल सुरू करेल तो." त्यांनी मला बुटांचं गाणं पेटीवर वाजवायला लावलं. मग दोन स्वर वरून. मग चार स्वर खालून. पान तेच. मी चुकायचे, घामाघूम व्हायचे, आणि ते पानावरून बोट फिरवत, एक अक्षर येत नसताना, बरोबर ओळीवर असायचे. सा हवा तिथे धरायची अशी पद्धत त्यांच्याकडेही असते, ते म्हणाले, पण शिकवण्यापुरती. छापायची वेळ आली की शेवटी पाश्चात्य स्वरलिपीच्या पाच रेघा येतात आणि रेघा आल्या की उंची ठरते. मग त्यांनी त्या कोऱ्या कोपऱ्यावर अंगठा ठेवला. "ही तुझी चूक," ते म्हणाले, "एकाही पानावर दुरुस्त करायची नाही. शपथ घे." मी घेतली. कॅथलिक बाईने शपथ घेतली म्हणजे घेतली.

पुढची दोन वर्षं दर शनिवारी आम्ही बसायचो. ते आठवेल ते गुणगुणायचे, मी लिहायचे, मध्ये कॉफी आणि वेलचीचा पाव. एकतीसची सत्तेचाळीस झाली. लापशीचं गाणं सापडलं ते तर कमालच. एकदा मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेत होते. बस आली, दार उघडलं आणि चालवणारी भलीथोरली बाई ओरडली, "लेनार्ट!" तीस वर्षांची, लग्न झालेली, आमच्याच डेकेअरमध्ये वाढलेली. त्यांनी दारातच विचारलं, "लापशीचं आठवतं?" तिने हँडब्रेक ओढला आणि सुरू केलं. उणे पंचवीस, दार उघडं, मागे माणसं ताटकळलेली, आणि ही बाई मोठ्या आवाजात लापशी निवण्याची वाट बघतेय. लेनार्ट पायरीवर उभे राहून तिच्या सुरात गायले. मी बिलाच्या मागच्या बाजूला सरगम लिहून घेत होते, पेन गोठत होतं. मागून एक माणूस म्हणाला, "लेडी, आर वी गोइंग?" ती म्हणाली, "वन मोर व्हर्स."

शेवटचं गाणं त्यांनी गेल्या शरद ऋतूत दिलं. ते स्वीडिश होतं. तिसऱ्या रांगेतल्या मुलाचं. तेव्हापासून ते त्यांनी कधी उच्चारलंही नव्हतं. मी शब्द न समजता देवनागरीत उतरवले, त्यांनी मला दहा वेळा उच्चार सुधारायला लावले, आणि संपल्यावर वही ओढून घेऊन वरचा कोपरा कोरा आहे ना, हे स्वतः तपासलं.

आमची शेवटची भेट त्यांच्या जाण्याआधीच्या रविवारी, चर्चमधली मिस्सा आटोपून मी हॉस्पिटलमध्ये गेले तेव्हाची. नाकाला नळी, हात थंड, खिडकीत पांढरं ऊन. मी मुलांनी काढलेली चित्रं दाखवली. त्यांनी डोळे उघडले आणि ओठांवरून नुसता श्वास सोडल्यासारखं म्हणाले, "हूज स्टार्टिंग?" मी मागे वळून पाहिलं. खोलीत तिसरं कुणी नव्हतं. ते थांबले. दहा सेकंद, पंधरा, वीस... त्यांनी नजर पुढे नेली नाही. मग मी सुरू केलं. माझ्या सुरात, खालच्या, जाड, नऊ वर्षांची असल्यापासून कुणीही न ऐकलेल्या. तिसऱ्या ओळीला माझा आवाज फाटला, आणि मला कळलं की खालून कुणीतरी साथ करतंय. इतकी हलकी की ऐकू कमी यायची आणि दिसायची जास्त. लेनार्टचे ओठ हलत होते, आणि गळाही.

ते गेल्यावर त्यांच्या पुतणीचं, कारिनचं, स्वीडनहून पत्र आलं. काकांची गाणी तुमच्याकडे आहेत असं कळलं, आम्हाला ती छापायची आहेत, कुठल्या उंचीवर छापायची ते कृपया कळवा. मी आठ दिवस विचार केला. इंग्रजी लिहायला मला अजूनही वेळ लागतो. मी सत्तेचाळीस पानांच्या प्रती काढल्या, रियाने प्रत्येक चालीखाली शब्द इंग्रजी लिपीत लिहून तिला शाळेत शिकवतात त्या दो-रे-मीच्या खुणा केल्या, आणि पत्रात मी तिसऱ्या रांगेतल्या मुलाची सगळी हकिगत लिहिली. खाली लिहिलं, वरचा कोपरा कोरा ठेवणार असाल तरच छापा. तिचं उत्तर आलं. काकांनी छापणं का थांबवलं ते घरात कुणालाच माहीत नव्हतं, तिने लिहिलं होतं. पुस्तकात प्रत्येक पानावर, जिथे उंची लिहितात तिथे, त्यांचा प्रश्न येणार आहे. कोण सुरू करतंय? पप्पांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बरं झालं, माझं ऐकलं नाहीस." पप्पांच्या तोंडून हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं. मग मी त्यांना शाळेतल्या त्या तालमीचंही सांगून टाकलं.

डेकेअरमध्ये मूळ वही आता बूट घालायच्या खोलीत, मिट्सच्या खुंट्यांशेजारी, एका खुंटीला दोरीने टांगलेली असते. तिच्यावर चिखलाचे दोन ठसे उमटलेत, एक बहुतेक ओवेनचा. मुलं बाकीची गाणी म्हणत होती, बुटांच्या गाण्याला मात्र कुणी हात लावत नव्हतं. माझ्या चेहऱ्यावर त्यांनी काहीतरी वाचलं असावं. गेल्या मंगळवारी बर्फ वितळून अंगणभर डबकी झाली होती, स्नो पँट जाऊन रबरी बूट आले होते. मी गुडघ्यांवर बसले होते, हातात पुन्हा ओवेनचाच डावा बूट. मी विचारलं, "हूज स्टार्टिंग?" आणि आधी ओवेनकडे पाहिलं. तो बुटाकडे बघत राहिला. मी थांबले. मला घाई नव्हती. एक मुलगी तोंड उघडत होती, डोनाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. मग ओवेनने, मान खाली घालून, सुरू केलं. खाली, खूप खाली, घोगऱ्या आवाजात, मला जिथून गायचं असतं नेमकं तिथून. सतरा मुलं त्याच्यामागे खाली उतरली. चौथ्या कडव्याला डाव्या-उजव्याचा समेट झाला तेव्हा छत्तीसच्या छत्तीस बूट चढलेले होते, आणि त्या खोलीत सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.